तोफेचे कूळ आणि मूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. जुन्या तोफेच्या बाबतीत मात्र या दोन्ही गोष्टी विचारल्याच पाहिजेत. त्या न विचारल्यामुळे आपल्या गडकिल्ल्यांवरील, राजवाड्यांच्या दारांतील आणि उद्यानांतील कित्येक तोफा आज नुसत्या शोभेच्या वस्तू होऊन बसल्या आहेत. मुले त्यांवर बसून छायाचित्रे काढतात, वाटाड्या एखादी आख्यायिका सांगतो आणि आपण पुढे जातो. ती तोफ कोणी ओतली, कोठे ओतली, तिची धातू कोठून आली आणि ती इथवर कशी पोहोचली, हे प्रश्न मनात येतच नाहीत. या प्रश्नांची उत्तरे कशी शोधतात आणि ती शोधताना अभ्यासक कोठे फसतो, हे सांगणे हा या लेखाचा हेतू आहे.

भोपाळकरांना या विषयाची सुरुवात दूर जाऊन करावी लागत नाही. भोपाळच्या पूर्वेस सुमारे ४५ किलोमीटरवर रायसेनचा किल्ला आहे. रमजानच्या महिन्यात या किल्ल्यावरून तोफ डागण्याची प्रथा नवाबी अमलापासून चालत आली आहे. सन १५४३ मध्ये शेरशाह सूरीने याच किल्ल्याला वेढा घातला होता. किल्ला राजा पूरणमल याच्या ताब्यात होता आणि तो लवकर पडेना. तेव्हा शेरशाहाने छावणीतील आणि बाजारातील पितळ गोळा करण्याची आज्ञा दिली. शिपायांच्या बिऱ्हाडांतली भांडी, ताटे, परातीही त्यात आल्या. ते सारे वितळवून त्याच्या उखळी तोफा ओतल्या आणि किल्ल्यावर मारा केला, असे अब्बासखान सरवानी याने ‘तारीख-इ-शेरशाही’ या ग्रंथात लिहून ठेवले आहे.

या एका हकीकतीत आपल्या विषयातली सगळी अडचण सामावलेली आहे. रायसेनच्या पायथ्याशी ओतलेल्या त्या तोफांचे ‘मूळ’ कोणते म्हणावे? ओतल्या त्या जागेचे नाव घ्यावे, तर त्यांतली धातू निरनिराळ्या गावांच्या तांबटांनी घडविलेल्या भांड्यांची होती. ती भांडी ज्या तांब्याची, ते तांबे आणखी कोठल्या तरी खाणीतले होते. आणि वेढा उठल्यावर त्या तोफा ज्याच्या हाती गेल्या, त्याने त्या आपल्याच म्हणून मिरविल्या असणार. म्हणून तोफेचे मूळ शोधणाऱ्याने एक प्रश्न विचारून भागत नाही. तीन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. धातू कोठली? ओतणारा कोण? आणि ती कोणाकोणाच्या ताब्यात होती? या तीन प्रश्नांची उत्तरे बहुधा तीन वेगळ्या प्रदेशांची निघतात. ती एकमेकांत मिसळली, की चूक झालीच म्हणून समजावे.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. तोफ हे त्या काळी राज्याच्या सामर्थ्याचे माप होते आणि या शहराला त्याचा अनुभव आहे. डिसेंबर १७३७ मध्ये बाजीराव पेशव्यांनी निजामुल्मुल्काला भोपाळात कोंडले. एका बाजूस तलाव, दुसऱ्या बाजूस तटबंदी आणि आत निजामाचा प्रबळ तोफखाना, अशी स्थिती होती. मराठी फौज चपळ होती; परंतु तट फोडण्याजोग्या अवजड तोफा तिच्यापाशी नव्हत्या. म्हणून बाजीरावांनी हल्ला न चढविता रसद तोडली आणि जानेवारी १७३८ मध्ये दोराह्याच्या तहाने निजामाकडून माळव्याचा हक्क आणि ५० लक्ष रुपये कबूल करवून घेतले. पुढे १८१२-१३ मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांनी याच भोपाळला वेढा घातला. वजीर मुहम्मदखानाने शहर राखले. ज्या शहराने तोफांच्या दोन्ही बाजू पाहिल्या, त्या शहरातल्या जिज्ञासूंना तोफ वाचता यावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

धातूची साक्ष

प्रथम धातूचा विचार करू. आपल्याकडे किल्ल्यावरची कोणतीही मोठी तोफ सर्रास ‘पंचधातूची’ किंवा ‘पंचरसी’ म्हणून दाखविली जाते. पुष्कळदा ती साधी लोखंडी असते. खात्री करून घेणे अगदी सोपे आहे: खिशातले एक लहानसे लोहचुंबक लावून पाहावे. ते चिकटले, तर तोफ लोखंडाची. लोखंडावर तांबूस गंज चढतो. तांब्याच्या मिश्रधातूवर हिरवट-काळसर थर बसतो. लोखंडातही पुन्हा दोन प्रकार आहेत. लोखंडी पट्ट्या एकमेकींना जोडून त्यांवर तापविलेली कडी चढविलेली घडीव तोफ वेगळी आणि साच्यात ओतलेली बिडाची तोफ वेगळी. घडीव तोफेच्या अंगावर कड्यांच्या रेषा बोटांना लागतात.

तांबे आणि कथील यांचे मिश्रण म्हणजे कांसे; तांबे आणि जस्त यांचे मिश्रण म्हणजे पितळ. तोफेसाठी कांसे उत्तम. ते लोखंडापेक्षा कितीतरी महाग पडते. परंतु ते चिवट असते. दाब अनावर झाला तर काशाची तोफ बहुधा आधी फुगते, बिडाची एकदम फुटून जवळच्या गोलंदाजांचे प्राण घेते. शिवाय काशाला गंज खात नाही आणि जुनी तोफ वितळवून नवी ओतता येते. हा शेवटचा गुण लष्कराच्या सोयीचा. इतिहासाच्या दृष्टीने तोच तिचा शत्रू.

युरोपात तोफेच्या काशात कथिलाचे प्रमाण साधारणतः दहा टक्क्यांच्या आसपास ठेवीत. ते वीस टक्क्यांच्या जवळ गेले, की धातू कठीण आणि नादमय होते. पण ठिसूळही होते. ते घंटेचे कांसे. म्हणून एखाद्या तोफेत कथील किती, यावरून ओताऱ्याची परंपरा कोणती, याचा काही अंदाज बांधता येतो. आज क्ष-किरणांच्या साहाय्याने तोफेला ओरखडाही न काढता पृष्ठभागाच्या धातूचे प्रमाण मोजता येते. आणि धातूत जे अल्पसे शिसे असते, त्याच्या समस्थानिकांवरून ती कोणत्या खाणीची असावी, याचा तर्क करता येतो.

पण येथेच सावध राहावे लागते. प्रयोगशाळा खाणीचा तर्क करील; परंतु रायसेनच्या तोफेत तर शंभर घरची भांडी एकत्र वितळली होती. लाहोरच्या प्रसिद्ध ‘झमझमा’ तोफेचीही तीच गोष्ट. पानिपतच्या तिसऱ्या युद्धात १४ जानेवारी १७६१ रोजी मराठ्यांवर जी तोफ अब्दालीच्या बाजूने चालली, तिच्यासाठी लाहोरातील हिंदू घराघरांतून जिझियापोटी तांब्या-पितळेचे एकेक भांडे घेतले होते, असे सांगतात. अशा तोफेची धातू कोणा एका खाणीचे नाव सांगत नाही. फार तर ती असे सांगते, की पुष्कळांच्या घरचे पाणी भरण्याचे, अन्न शिजविण्याचे साधन एका दिवसात संहाराचे साधन झाले.

कथिलाचा माग मात्र उपयोगी पडतो. भारतात कथील फार थोडे. ते मुख्यतः मलाया द्वीपकल्पातून समुद्रमार्गे येई. तेव्हा विजापूर असो, अहमदनगर असो वा गोवा, काशाची तोफ ओतणारा प्रत्येक राजा कळत-नकळत पूर्वेच्या सागरी व्यापारावर अवलंबून होता.

ओताऱ्याचा हात

दुसरा प्रश्न ओतणाऱ्याचा. तोफ ओतणे हे देवाची मूर्ती किंवा देवळाची घंटा ओतण्यासारखेच काम. फक्त आकार प्रचंड. आतली नळी पोकळ राहावी म्हणून साच्याच्या मध्यभागी मातीचा गाभा उभा करीत आणि तो हलू नये म्हणून त्याला लोखंडी आधार देत. हे आधार कधीकधी धातूतच राहून जात. नळीच्या आत गंजाचे ठिपके दिसले, तर ती तोफ गाभा ठेवून ओतलेली आहे असे समजावे. अठराव्या शतकात युरोपात तोफ भरीव ओतून मग यंत्राने नळी कोरण्याची पद्धत रूढ झाली. अशा तोफेची नळी अगदी मध्यावर आणि एकसारखी असते. म्हणजे नळीत दिवा धरून पाहिले, तरी काळाचा काही अंदाज येतो.

मोठ्या तोफेला एक भट्टी पुरत नसे. बाबराने आपल्या आत्मचरित्रात १५२६ मधील आग्र्याच्या ओतकामाचे वर्णन केले आहे. उस्ताद अली कुली याने साच्याभोवती आठ भट्ट्या मांडल्या होत्या. प्रत्येकीतून वितळलेली धातू पन्हळीने साच्यात येत होती. पण साचा भरण्यापूर्वीच ती ओसरली. उस्ताद इतका ओशाळला, की त्याच वितळलेल्या धातूत उडी घालावी असे त्याला झाले. बाबराने त्याची समजूत घातली, मानाचा पोशाख दिला. साचा थंड झाल्यावर उघडून पाहिले तेव्हा नळी निर्दोष निघाली आणि दारूची कोठी पुढे वेगळी ओतून जोडली गेली. जोड दिसला म्हणजे तोफ दोन काळांची, असे समजणे किती धोक्याचे आहे, हे या प्रसंगावरून लक्षात यावे.

युरोपीय तोफांवर ओताऱ्याची व राजाची खूण बहुधा स्पष्ट असते. उदाहरणार्थ, अठराव्या शतकातली स्पॅनिश काशाची तोफ ओळखणे फार कठीण नाही. तिच्यावर राजाची मुद्रा असते. पुढच्या भागावर तोफेचे स्वतःचे नाव कोरलेले असते. पुष्कळ तोफांवर ‘व्हायोलाती फुल्मिना रेजिस’, म्हणजे ‘दुखावल्या गेलेल्या राजाची वज्रे’, असे लॅटिन ब्रीद असते. मागच्या कड्यावर सेव्हिलसारख्या ओतशाळेचे नाव आणि साल असते. तोफ गाड्यावर टेकते त्या दोन्ही बाजूंच्या खुंट्यांच्या तोंडांवर कधी वजन, तर कधी तांबे कोठले हेही कोरलेले सापडते. मेक्सिकोचे किंवा पेरूचे तांबे वापरून स्पेनमध्ये ओतलेली तोफ पुढे तिसऱ्याच खंडात सापडावी, असा तिचा प्रवास असू शकतो.

अशी तोफ आपल्याकडे कशी येईल, असे कोणी विचारील. मार्ग निदान दोन संभवतात. एक म्हणजे मनिलाचा. सन १७६२ मध्ये मद्रासहून निघालेल्या इंग्रजांच्या आरमाराने फिलिपिन्समधील मनिला हे स्पॅनिश ठाणे ६ ऑक्टोबरला जिंकले आणि १७६४ मध्ये ते परत केले. लुटीच्या वाटणीत तोफांचा समावेश करणे हा त्या काळचा रिवाजच होता. दुसरा मार्ग आपल्या अधिक परिचयाचा, गोव्याचा. पोर्तुगालचे राज्य १५८० पासून १६४० पर्यंत स्पेनच्या राजाकडे होते. तेव्हा गोव्याचा व्हाइसरॉय माद्रिदच्या राजाचा चाकर होता. कारभार मात्र पोर्तुगीजच राहिला. म्हणून त्या साठ वर्षांतल्या तोफेवर फिलिप राजाचे नाव दिसले, तरी तेवढ्यावरून ती स्पॅनिश ठरत नाही. राजचिन्ह पाहावे. पाच लहान ढाली आणि भोवती सात किल्ले असतील, तर चिन्ह पोर्तुगालचे. किल्ला आणि सिंह चौकटीत आलटून पालटून असतील, तर स्पेनचे.

यात आणखी एक फसगत आहे. स्पेनचा दुसरा फिलिप हा पोर्तुगालचा पहिला फिलिप. स्पेनचा तिसरा तो पोर्तुगालचा दुसरा. लेख पोर्तुगीज भाषेत असेल आणि अभ्यासकाने स्पेनची वंशावळ उघडली असेल, तर तारीख एका पिढीने चुकते.

गोव्यातील ओतारी घराण्यांचीही दखल घेतली पाहिजे. गोव्याच्या ओतशाळेत पेद्रू दियश बोकारू याने नाव मिळविले. त्याचा पुत्र मनुएल तावारिश बोकारू याने सतराव्या शतकात चीनच्या किनाऱ्यावरील मकाव येथील ओतशाळा चालविली आणि तिथल्या तोफा पूर्वेकडील पोर्तुगीज ठाण्यांना जात. मकावला तांबे जपानहून मिळे. आता कल्पना करा: तांबे जपानचे, कथील मलायाचे, ओतारी गोव्याचा, ओतशाळा मकावची, चिन्ह पोर्तुगालचे आणि राजा स्पेनचा. अशा तोफेला एका शब्दात ‘पोर्तुगीज’ म्हणणे म्हणजे सहा माणसांच्या सह्यांच्या कागदावरील एकच सही वाचण्यासारखे आहे.

आकड्यांचे चकवे

तोफेवरचे आकडे वाचताना सर्वांत जास्त चुका होतात. इंग्रजी तोफेवर ‘९-२-१४’ असे आकडे आढळले, की उत्साही वाचक ती तारीख समजतो. वस्तुतः ते वजन असते. पहिला आकडा हंड्रेडवेटचा, म्हणजे ११२ पौंडांचा. दुसरा २८ पौंडांच्या पावाचा. तिसरा सुट्या पौंडांचा. हिशेब केला तर १,०७८ पौंड, म्हणजे सुमारे ४८९ किलो होतात. ‘क्विंटल’ हा शब्दही असाच दगा देतो. आपला क्विंटल १०० किलोंचा. जुना स्पॅनिश क्विंटल सुमारे ४६ किलोंचा आणि पोर्तुगीज क्विंटल सुमारे ५९ किलोंचा. लेखातले वजन आणि प्रत्यक्ष आकार यांचा मेळ कोणत्या मापाने बसतो, हे पाहिल्यास तोफेच्या देशाचाच पुरावा मिळतो.

देशी तोफांवर सालाचा चकवा असतो. समजा, ‘११४०’ एवढाच आकडा सापडला. तो हिजरी असेल, तर इ. स. १७२७-२८. फसली असेल, तर १७३०-३१ च्या सुमाराचा. मराठी दप्तरात चालणारा शुहूर सन असेल, तर १७३९-४०, म्हणजे वसई सर झाली त्या सुमाराचा. एकाच आकड्याने बारा वर्षांचे अंतर पडते; आणि त्या बारा वर्षांत माळव्याचा धनी बदलला. म्हणून आकडा कोणत्या लिपीत आणि कोणत्या दरबारच्या भाषेत आहे, हे आधी ठरवावे आणि मगच इसवी सन लिहावे.

मलिक-इ-मैदान: एका तोफेचे तीन धनी

येथवर सांगितलेली पद्धत एका तोफेवर तपासून पाहू. विजापूरच्या (आजच्या विजयपूरच्या) तटावर शेरझा बुरुजावर ‘मलिक-इ-मैदान’ ही तोफ आहे. लांबी सुमारे साडेचार मीटर, बाहेरचा व्यास सुमारे दीड मीटर, नळीचा व्यास सुमारे ७० सेंटिमीटर आणि वजन अंदाजे ५५ टन. तोंड सिंहासारख्या पशूचे असून त्याच्या जबड्यात हत्ती चिरडताना दाखविला आहे. ‘मुलूखमैदान तोफ’ हा आपला वाक्प्रचार याच तोफेने मराठीला दिला. घणाघाती वक्त्याला आपण मुलूखमैदान म्हणतो. पण ही तोफ विजापूरची नव्हे, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

तिच्या अंगावर तीन लेख आहेत. एक लेख सांगतो, की ही मुहम्मद बिन हसन रूमी याची कृती. ‘रूमी’ म्हणजे रूमचा, तुर्कस्तानकडचा. सोळाव्या शतकात तोफांच्या विद्येत उस्मानी तुर्कांचा हात धरणारे थोडे होते आणि दख्खनचे सुलतान त्यांना आवर्जून चाकरीस ठेवीत. दुसऱ्या लेखात निजामशहाचे नाव आणि हिजरी ९५६, म्हणजे इ. स. १५४९ हे साल आहे. ती अहमदनगरात (आजच्या अहिल्यानगरात) बुऱ्हाण निजामशहाच्या कारकिर्दीत ओतली गेली. तिसरा लेख औरंगजेबाचा. सप्टेंबर १६८६ मध्ये विजापूर पडले आणि बादशहाने हिजरी १०९७ या सालासह, विजापूर जिंकून मलिक-इ-मैदान ताब्यात घेतल्याचे तोफेवरच नोंदविले.

लक्षात घ्या: ज्या आदिलशाहीच्या नावाने ही तोफ जगप्रसिद्ध झाली, तिचा तीन लेखांत एकही लेख नाही. ओतारी तुर्की, राज्य निजामशाही, अखेरचा विजेता मोगल. मधला दुवा लेखाबाहेरच्या साधनांतून जुळवावा लागतो. १५६५ च्या राक्षसतागडीच्या लढाईत या तोफेने तांब्याच्या नाण्यांचा मारा केला, अशी परंपरागत कथा आहे. पुढे ती परांडा किल्ल्यावर होती आणि १६३२ मध्ये मुरार जगदेव या आदिलशाही मुत्सद्द्याने ती तेथून विजापुरास नेली. तुळापूरच्या संगमावर नावेत हत्ती चढवून त्याची तुला केल्याची कथा ज्याच्या नावावर सांगितली जाते, तोच हा मुरार जगदेव. हत्ती तोलण्याची कथा लोकांनी जपली. दहा हत्तींच्या वजनाची तोफ परांड्याहून विजापुरास नेल्याची गोष्ट मात्र विसरली गेली. तिची जोडीदार ‘कडक बिजली’ ही तोफ कृष्णेत बुडाली, असे सांगतात.

आता धातूची साक्ष घ्या. पृथक्करणात तांबे सुमारे ८०.४ टक्के आणि कथील सुमारे १९.६ टक्के निघाले. पंचधातूची म्हणून नावाजलेल्या तोफेत मुख्य धातू दोनच, आणि त्यांचे प्रमाण घंटेच्या काशाजवळचे. तिच्यावर टिचकी मारली तर नाद निघतो, तो यामुळे. अशा ठिसूळ धातूचा धोका ओताऱ्याने भिंत अतोनात जाड ठेवून टाळला. नळी ७० सेंटिमीटरची आणि बाहेरचा घेर दीड मीटर व्यासाचा, यामागे दिमाखाइतकाच हा हिशेबही असावा.

उलट दिशेचे प्रवासी

तोफा एकाच दिशेने प्रवास करीत नाहीत. गुजरातच्या बहादूरशाहासाठी १५३३ मध्ये ओतलेली, सुमारे सहा मीटर लांबीची आणि वीस टनांच्या घरातली काशाची तोफ आज लिस्बनच्या लष्करी संग्रहालयात आहे. दीवच्या १५३८ च्या वेढ्यानंतर पोर्तुगीजांनी ती नेली. पोर्तुगीज तिला दीवची तोफ म्हणतात. तिच्या अंगावरचा अरबी लेख मात्र गुजरातच्या सुलतानाचे नाव सांगतो. तेथेही लोकांनी तिला ती हाती लागली त्या जागेचे नाव दिले, ओतविणाऱ्याचे नाही.

त्याच धातूची, त्याच विद्येची, पण शांततेच्या कामाची वस्तू म्हणजे घंटा. बाजीराव भोपाळात निजामाला कोंडून बसले होते, तेव्हा चिमाजी आप्पांची वसईची मोहीम चालू होती. मे १७३९ मध्ये वसई पडली आणि तिकडच्या चर्चमधील घंटा मराठी मुलखात आल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या मंदिरावर टांगलेली घंटा १७२१ सालची, पोर्तुगीज घडणीची. खणखणीत आवाजाच्या माणसाला आपण ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतो आणि गोदेला पूर आला, की पाणी घंटेला लागले का, असे नाशिककर विचारतात. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ हे साल आहे. देवळाने या घंटा आपल्याशा केल्या. पण त्यांवरचे क्रूस आणि साल घासून काढले नाहीत. विजयाची खूण जपताना जुन्या धन्याची खूण पुसली नाही, म्हणूनच आज त्यांचा इतिहास सांगता येतो. हा मोठेपणा अजाणता झाला असेल. पण तो अनुकरणीय आहे.

आपले काम

कारण पुसून टाकण्याची परंपराही आपल्याकडे आहे. सन १८५४ मध्ये मलिक-इ-मैदान तोफ जुन्या मोडीबरोबर लिलावात निघाली आणि तिला १५० रुपयांची बोली आली. टनामागे पावणेतीन रुपयेसुद्धा नाहीत! सुदैवाने ती विक्री रद्द झाली. जी तोफ मराठी भाषेला एक शब्द देऊन गेली, ती एका मोडकऱ्याच्या भट्टीपासून एवढ्याच अंतरावर होती. तिच्यासारख्या किती तोफा त्या भट्टीत गेल्या, याची मोजदाद आज करता येणार नाही. २३ सप्टेंबर १८०३ च्या असईच्या लढाईत इंग्रजांनी शिंद्यांच्या ९८ तोफा घेतल्या. आज त्यांपैकी एखादीच्या अंगावर हात ठेवून ‘ही ती’ असे म्हणावयाचे असेल, तर लेख, वजन आणि नोंद या तिन्हींचा मेळ जमला पाहिजे.

आज तोफा वितळत नाहीत. त्या रंगाखाली गाडल्या जातात. उत्सव आला, की काळा तैलरंग फासला जातो. दहा-वीस वर्षांच्या थरांनी अक्षरे बुजतात आणि मग रंग काढण्यासाठी कोणी वाळूचा कागद किंवा आम्ल वापरले, तर अक्षरांसह पुरावा जातो. शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने पुरावस्तूचा दर्जा आहे आणि ती परवान्यावाचून देशाबाहेर नेता येत नाही. परंतु कायदा वस्तू राखतो. तिचे वाचन माणसांनीच करावे लागते.

ते काम मोठ्या विद्वत्तेचे नाही. शाळेच्या सहलीतही करता येईल असे आहे. लोहचुंबक लावून पाहावे. लांबी, तोंडाचा व्यास आणि नळीचा व्यास मोजावा. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात छायाचित्र घ्यावे. दुपारी न दिसणारी अक्षरे त्या वेळी उठून दिसतात. जे दिसेल ते जसेच्या तसे उतरावे. अर्थ लागला नाही, तरी दुरुस्त करू नये. खुंट्यांची तोंडे, कान्याभोवतीची जागा आणि मागचे कडे ही तीन ठिकाणे विसरू नयेत. गावातल्या वृद्धांची आख्यायिकाही लिहून घ्यावी. पण वेगळ्या पानावर. आणि काहीही घासू, खरवडू वा रंगवू नये.

आख्यायिका वेगळ्या पानावर लिहावी म्हटले, ते तिचा अनादर म्हणून नव्हे. लोकांनी तोफेला नाव दिले, तिला शेंदूर लावला, तिच्यावर वाक्प्रचार रचले, हाही तिचाच इतिहास आहे. मात्र तो तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात बसतो, पहिल्या दोन प्रश्नांच्या नव्हे. ही सरमिसळ बहुतेक वेळा अज्ञानापेक्षा अभिमानापोटी होते. आपल्या बुरुजावरची तोफ आपल्याच माणसाने ओतलेली असावी, असे प्रत्येकाला वाटते. पण रूमच्या ओताऱ्याने अहमदनगरच्या सुलतानासाठी मलायाच्या कथिलाने ओतलेली तोफ एका ब्राह्मण मुत्सद्द्याने विजापुरास न्यावी आणि मराठी माणसाच्या जिभेवर तिचे नाव रुळावे, यात कोणाचाच अभिमान उणा होत नाही. उलट, आपला मुलूख किती वाटांनी जगाशी जोडलेला होता, हे त्यातून कळते.

रायसेनच्या पायथ्याशी ज्यांची ताटे-पराती वितळली, त्या शिपायांची नावे कोणत्याही तोफेवर कोरलेली नाहीत. ती आता मिळणारही नाहीत. परंतु जी अक्षरे धातूवर अजून शाबूत आहेत, ती आपल्या डोळ्यांदेखत रंगाखाली जाऊ नयेत, एवढे तरी आपल्या हातात आहे. पुढच्या सुटीत एखाद्या किल्ल्यावर जाल, तेव्हा तोफेवर बसण्यापूर्वी तिच्यासमोर क्षणभर वाकून पाहा. पाचशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या ओताऱ्याने आपले नाव तेथे लिहून ठेवले असेल.